एकशे बारा नंबरचा सामना

जनार्दन तरे यांनी माझ्याशी कबड्डी सोडून दुसऱ्या कुठल्या विषयावर सलग पाच मिनिटं बोलल्याचं मला आठवत नाही. मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं असावं. "तुम्हाला कळत न्हाय ते बरं हाय मॅडम," ते म्हणाले होते. "कळत असतं तर मधी मधी बोलला असता."

भिवंडीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा टायपिंगचा क्लास होता. दोन हजार सालाच्या आसपास मशीनं भंगारात गेली, त्यांच्या जागी सात कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं, पण पाटी टायपिंगचीच राहिली. खालच्या मजल्यावर लूम चालायचे, त्यामुळे माझ्याकडे येणारा प्रत्येक जण वरच्या पट्टीत बोलायचा. तरे सोडून. ते इतकं हळू बोलत की मला दर वाक्याला "काय?" म्हणावं लागे. तोंडात शिट्टी असणाऱ्याला आवाज चढवायची गरज पडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आठवड्याचे सहा दिवस ते अंजूरच्या एका गोदामात सुपरवायझर होते. ते गोदाम त्यांच्याच घरच्या शेतावर उभं होतं. "चार नंबरच्या रॅकखाली आमचा बांध हाय," असं ते सांगायचे, आणि त्यात हळहळ नसायची, कुणाला पत्ता सांगावा तसं सांगायचे. रविवारी मात्र ते पंच. खाडीकाठच्या गावांपासून पार गणेशपुरीकडच्या पाड्यांपर्यंत, जिथे कबड्डीचे सामने असतील तिथे पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून मध्यरेषेच्या टोकाला उभे. शर्टाच्या खिशात एक बारकी वही आणि शिसपेन्सिलीचा तुकडा. दोन चढायांच्या मधल्या वेळात ते वहीत काहीतरी खरडायचे. बाकीचे पंच यावरून त्यांची टर उडवायचे, पण माणूस इतका सरळ की त्यांना कुणी अडवलं नाही.

सोमवारी संध्याकाळी पाचला ती वही घेऊन ते माझ्याकडे यायचे. पाच म्हणजे पाच. चपला दाराबाहेर काढायचे. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी दहा वेळा सांगून पाहिलं की इथे खालून कापसाचं तूस येतं तेवढं पुरेसं आहे, तुमच्या चपलांनी काही व्हायचं नाही. ऐकलं नाही.

सुरुवात कशी झाली तेही सांगते. पेपरात गावच्या सामन्याची जेमतेम एक ओळ यायची, आणि त्यातही अर्धी ओळ बक्षीस देणाऱ्याची. बाकीचे खेळाडू जणू खेळलेच नाहीत. तरेंना ते खुपायचं. फुकटात वेबसाइट मिळते, तिथे रोजनिशीसारखं काहीही लिहिता येतं, असं त्यांच्या कानावर आलं, आणि ते माझ्याकडे आले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "मॅडम, कॉम्प्युटरवर लिवलेलं किती वर्षं ऱ्हातं?"

"कायमचं," मी म्हटलं. त्या काळात आम्हाला क्लासवाल्यांना सगळंच माहीत असायचं.

'मध्यरेषेवरून' असं त्यांनी ब्लॉगचं नाव ठेवलं. एका बोटाने टाइप करायचे. मी क्लासची मालकीण, पण या माणसाला दुसरं बोट वापरायला मी सहा वर्षांत शिकवू शकले नाही. प्रत्येक सामन्याला नंबर. विशेषणं नाहीत, वाहवा नाही. कोण कुणाविरुद्ध, कुणी किती चढाया केल्या, कुणी कुणाला कसं धरलं, शेवट काय. आणि एक नियम त्यांनी स्वतःच केलेला, तो म्हणजे हरणाऱ्या संघाचं नाव आधी लिहायचं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जिंकणाऱ्याचं सगळेच घेतात."

तेव्हा मराठी लिहायचं म्हणजे डीटीपीवाल्यांचा फॉन्ट लागायचा. ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही त्याला तरेंचा ब्लॉग म्हणजे नुसती किडेमकोडे पसरलेली पाटी. म्हणून हा गृहस्थ खिशात फ्लॉपी घेऊन फिरायचा. ज्याच्या घरी, दुकानात कॉम्प्युटर दिसेल त्याला, "एवढा फॉन्ट टाकून घ्या." शिवाय प्रत्येक सामन्याची प्रत छापून ती दोन्ही गावांच्या मंडळांच्या फळ्यावर स्वतः लावून यायचे. मस्कतला गेलेल्या एकाने एकदा ब्लॉगखाली लिहिलं की आज इथे बसून धाकट्या भावाचं नाव वाचलं, तो हरला हे कळलं, पण तीन गडी टिपले हेही कळलं. तरेंनी तो मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग चष्मा काढून पुसत बसले.

त्यांच्या हट्टाचा एक किस्सा आमच्या गल्लीत बरेच दिवस चघळला गेला. एका गावात एका बड्या माणसाने वडिलांच्या नावाने सामने भरवले होते. तरेंनी लिहिलं की दुसऱ्या सत्रात यजमान संघाने वेळकाढूपणा केला. त्या सोमवारी तो माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट क्लासमध्ये. सोबत दोघे जण उगाचच दारात उभे. माझे विद्यार्थी टायपिंग थांबवून बघायला लागले.

"तेवढी एक ओळ काढा तरेभाऊ. वडलांच्या नावाचा सामना हाय."

"शिट्टी वाजली," तरे त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले. "आता फिरत न्हाय."

"अहो, कॉम्प्युटरवर हाय ना? बटन दाबलं की गेलं."

"म्हणूनच न्हाय दाबायचं."

पुढच्या वर्षी त्या सामन्यांना त्यांना पंच म्हणून बोलावणं आलं नाही. हे गेले, गर्दीत उभे राहून सगळे सामने बघितले आणि सोमवारी येऊन लिहिले. यजमान हरले होते, त्यामुळे त्यांचं नाव नियमाप्रमाणे पहिलं आलं. मी खूप हसले. तरे हसले नाहीत. त्यांना त्यात विनोद दिसला नव्हता.

आणि मग एका सोमवारी ती नोटीस आली. फुकटात वेबसाइट देणाऱ्या कंपनीने इंग्रजीत कळवलं होतं की महिनाअखेरीस सगळं बंद होणार, ज्याला आपलं सामान हलवायचं त्याने हलवून घ्यावं. मी ते त्यांना मराठीत सांगितलं. 

"तुम्ही कायमचं म्हटला होता," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं.

नवीन ठिकाण मी शोधलं. तिथे ब्लॉग उघडणं सोपं होतं, पण तिथलं मराठी वेगळ्या पद्धतीचं, युनिकोडचं. फ्लॉपी नको, फॉन्ट नको, कुठल्याही कॉम्प्युटरवर कुणालाही दिसणार. जुना मजकूर त्यात बदलून घ्यायचा एक प्रोग्रॅम मिळाला, पण तो जोडाक्षरांची वाट लावायचा. म्हणजे दोनशे तीस सामने एकेक करून ओतायचे आणि एकेक ओळ तपासायची. आम्ही ठरवलं की त्यांनी वहीतून मोठ्याने वाचायचं आणि मी पडद्यावर दुरुस्त करायचं. ते रोज ड्युटी संपवून यायला लागले. त्यात आमच्याकडे लोडशेडिंग. कॉम्प्युटर चालू होऊन वीस सामने होतात न होतात तोच लाइट जायची.

"म्हणजे आता कुणीही, कुठूनही वाचणार?" त्यांनी तिसऱ्या की चौथ्या दिवशी विचारलं.

"हो. आता तुमची फ्लॉपी सुटली."

त्यांनी वहीचं पुढचं पान काढलं. मला वाटलं होतं खूश होतील.

एकशे अकरा झाला. त्यांनी वहीचं पान उलटलं, आणखी एक उलटलं आणि वाचायला लागले, "सामना क्रमांक एकशे तेरा."

"बारा राहिला," मी म्हटलं.

"तो ऱ्हाऊ दे. पान भिजलंय."

भिजलेली पानं याआधीही आली होती आणि ती त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवली होती. पण मी तेव्हा एकशे तेराच तपासायला घेतला. ते गेल्यावर जुन्या साइटवर जाऊन एकशे बारा काढला. एकता संघ विरुद्ध नवजवान संघ, अंतिम सामना, चार वर्षांपूर्वीचा. एकता संघ गणेशपुरीकडच्या एका पाड्याचा, नवजवान खाडीकाठचा. एका गुणाचा फरक. शेवटची चढाई एकताच्या लहू घाटाळची. खाली लिहिलं होतं, "चंद्रकांतने लहूचा घोटा धरला. लहूचा हात मध्यरेषेच्या एक वीत अलीकडे राहिला. पंचांनी बाद दिले. पंच: जनार्दन तरे."

मला त्यात वावगं काही दिसलं नाही. फक्त एक गोष्ट खटकली. बाकीच्या दोनशे एकोणतीस सामन्यांत कुठेही कसलंच माप नव्हतं. इथे मात्र एक वीत होती.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा लाइट नव्हती. बाहेर ऊन होतं पण क्लासमध्ये अंधारच. खालचे लूमही बंद, त्यामुळे मला त्यांचं बोलणं 'काय?' न म्हणता ऐकू आलं. मी सरळच विचारलं, "ती वीत कुठून आली?"

त्यांनी वही मांडीवर उपडी ठेवली.

"मी बगितलंच नव्हतं मॅडम," ते म्हणाले. "म्हणून माप टाकलं. माप असलं की लोकांना खरं वाटतं."

मग ते थांबत थांबत सांगत गेले. त्या सामन्यात आधीच्या चढाईला नवजवानच्या तिघांनी मिळून एक पकड केली होती. तसली पकड त्यांनी जन्मात बघितली नव्हती. त्यांना तिच्यासाठी वाक्य सुचलं. एरवी त्यांना वाक्य सुचत नसे, ते फक्त नोंद करत. पण त्या दिवशी सुचलं, आणि ते विसरू नये म्हणून त्यांनी मान खाली घालून वहीत लिहायला घेतलं. तेवढ्यात लहू चढाईला गेला, गडी टिपला आणि परत फिरला.

"आरडा झाला म्हणून वर बगितलं. चार जण अंगावर पडलेले, खाली लहू. मी बगितलं तेव्हा हात अलीकडं होता. पण तवर त्यांनी त्याला मागं खेचलेला. त्याच्या आधी कुठं होता? समोरच्या पंचाच्या आड सगळा ढीग. त्याला काय दिसलं न्हाय. त्याने माझ्याकडं बगितलं. पब्लिक वरडतंय, बाद, बाद. मी हात वर केला."

"आणि लहू?"

"लहू म्हणत होता पोचलो म्हणून. हात दाखवत होता, रेषेची फक्की लागलीय बगा. फक्की काय, सगळ्याच रेषांना असते."

त्या दिवशी जिल्ह्याचा संघ निवडणारे दोघे जण सामना बघायला आले होते. आमच्याकडच्या मुलांना हा एक रस्ता चांगला ठाऊक असायचा. जिल्ह्याकडून खेळलं की राज्य, आणि राज्याकडून खेळलं की खेळाडूच्या कोट्यातून नोकरी. त्या एका पकडीवर चंद्रकांत त्या रस्त्याने गेला. नोकरी लागली. दोन वर्षांनी त्याच्या घरून तरेंच्या मुलीला मागणी आली.

"मी हो म्हटलं," तरे म्हणाले. "पोरगा चांगलाच हाय, त्याच्यात काय दोष न्हाय. पण मी हो का म्हटलं? पकड चांगली म्हणून. जी मी बगितलीच न्हाय."

लहूचं काय झालं ते विचारायची मला भीती वाटत होती. न विचारताच त्यांनी सांगितलं. लहू तीन वर्षांपूर्वी ठेकेदाराच्या टोळीतून त्यांच्याच गोदामात गाड्या भरायच्या कामाला लागला होता. रोज सकाळी त्याची हजेरी तरेच मांडत. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, खेळतोस का अजून? लहू म्हणाला, न्हाय. मग म्हणाला, "मला लई दिवस वाटायचं मी पोचलो होतो. पण तुम्ही लिवलंत, फळ्यावर लागलं. सगळे म्हणाले, तरे पंच खोटं लिवत न्हाय. मंग मी म्हटलं, ऱ्हायला असंल हात."

माझा स्वभाव असा की मला गोष्टी मिटवायची घाई होते. मी म्हटलं, "जाऊ द्या ना तरेभाऊ. महिनाअखेरीस जुनी साइट बंद होतेय. आपोआप जाईल. नवीन ठिकाणी टाकूच नका. कुणाला कळणार?"

त्यांनी मांडीवरची वही सरळ केली. मी त्यांच्या नजरेतून त्या दिवशी थोडी उतरले, हे मला कळलं.

"हरणाऱ्याचं नाव पहिलं लिवायचं आणि त्याचाच सामना गाळायचा?" ते म्हणाले.

लाइट आल्यावर त्यांनी मला नवीन मजकूर सांगितला, मी टाइप केला. "लहू घाटाळचा हात मध्यरेषेवर पोचला होता. पंचांनी चुकीने बाद दिले." एवढंच. मला हायसं वाटलं. मी बटन दाबणार तोच त्यांनी थांबवलं. आधी लहूला वाचून दाखवायचं. शिट्टी फिरवायची तर ती ज्याच्यावर वाजली त्याच्यासमोर फिरवायची, असं त्यांचं मत. मुलीलाही त्यांनी माझ्याच फोनवरून सांगितलं. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं, "बाबा, हे आत्ता कशाला?" तरेंनी फोन ठेवला आणि लहूसाठी मजकूर छापून घेतला.

दोन दिवसांनी दुपारी मी त्यांच्यासोबत रिक्षाने अंजूरला गेले. मी कशाला, असं मी विचारलं होतं. "मी वाचताना अडलो तर तुम्ही वाचा," ते म्हणाले. गोदामाच्या सावलीत टोळी जेवायला बसली होती. लहू एका बाजूला, रिकाम्या फळ्यांच्या चळतीवर, भाकरी मांडीवर. तिशीचा असेल. आखूड, रुंद, पायाच्या पोटऱ्या अजून खेळाडूच्या. मला बघून त्याने पाय खाली घेतले.

तरेंनी छापलेला कागद काढला आणि उभ्यानेच वाचला. अडले नाहीत. लहूने घास चावायचा थांबवला. मग म्हणाला, "परत वाचा."

त्यांनी परत वाचला.

"म्हंजे मी पोचलो होतो," लहू म्हणाला. त्याचा चेहरा असा उघडला की मला बघवेना. त्याने हाताला लागलेला भाकरीचा चुरा पुसला. "पोचलो होतो. मला वाटलंच. चार वर्सं मी माझ्या हातालाच खोटं पाडत होतो."

तरे खाली बघत होते. मी मनात म्हणत होते, बोलू नका, आता गप्प बसा, इथेच थांबा. लहूनेच विचारलं.

"तुम्ही बगितलं होतं तर मंग बाद का दिला?"

"बगितलं नव्हतं."

"काय?"

"मी वहीत लिवत होतो, लहू. खाली मान होती. तू गेलास कधी, आलास कधी, बगितलं न्हाय."

लहूने मांडीवरची भाकरी बाजूला ठेवली.

"मंग पोचलो का न्हाय?"

"ठाव न्हाय," ते म्हणाले.

"कागदावर तर लिवलंय पोचला म्हणून."

"तुला बरं वाटंल म्हणून लिवलं."

"म्हंजे हे पण खोटंच." लहूचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तवा वीत लिवली, आता हे लिवलं. भाऊ, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. चार वर्सं मला वाटतंय, एक माणूस हाय ज्याला माहीत हाय. त्याने सांगितलं तसं मी धरून चाललो. आता म्हणताय कुणी बघतच नव्हतं."

त्याने भाकरी फडक्यात बांधली, अर्धी तशीच, आणि गाडीकडे गेला. जेवणाची सुट्टी संपायला अजून वेळ होता. त्याने एकट्याने गोणी उचलायला सुरुवात केली. आम्ही निघालो तेव्हा गाडीच्या फाळक्यावरून तो म्हणाला, आमच्याकडे न बघता, "लिवायचं तर तेवढंच लिवा. बगितलं न्हाय म्हणून. जास्तीचं काय लिवू नका."

तरे क्लासमध्ये आले, चपला काढल्या आणि त्या दिवशी मला सांगायच्या ऐवजी स्वतःच त्या एका बोटाने टाइप केलं. तासभर लागला. मी नंतर वाचलं.

"सामना क्रमांक एकशे बारा. पंच जनार्दन तरे. शेवटच्या चढाईच्या वेळी पंच वहीत लिहीत होते. त्यांनी चढाई पाहिली नाही. न पाहता बाद दिले. एक वीत हे माप खोटे होते. लहू घाटाळचा हात पोचला की नाही हे पंचांना माहीत नाही." मग दोन्ही संघांची नावं, गुण, कुणी किती चढाया केल्या. नियम मोडून या एका सामन्यात पहिलं नाव पंचाचं होतं.

महिनाअखेरपर्यंत बाकीचे सामने हलवून झाले. जुनी साइट ठरल्या दिवशी गेली. नवीन ब्लॉग मात्र कुणाच्याही कॉम्प्युटरवर उघडत होता आणि लोकांनी तो उघडला. आधी फोन आले, मग गावागावांतून माणसं. एकता संघवाले म्हणाले, करंडक परत द्यायला लावा. नवजवानवाले म्हणाले, तरे विकला गेला. पंचांच्या मंडळाने त्यांना कळवलं की सध्या तुम्ही विश्रांती घ्या. चंद्रकांत एकदा माझ्या क्लासमध्ये येऊन गेला. भांडायला आला असावा, पण मला बघून दारातच थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मी तर धरलं होतं ना? माझी पकड तर खरी होती?" एका न बघितलेल्या चढाईने आता दोघांची झोप उडवली होती, आणि तिसऱ्याची तर केव्हाच उडालेली होती. त्या वर्षी गौरी-गणपतीला तरेंची मुलगी माहेरी आली नाही.

सोमवारी पाचला ते आणखी तीन-चार आठवडे आले. वही आणत नव्हते. ब्लॉग उघडून बसायचे, जोडाक्षरं तपासायचे, निघून जायचे. मी म्हटलं, प्रेक्षकांत उभं राहून लिहा ना, पूर्वी एकदा लिहिलं होतंत तसं. "तेव्हा माझ्यावर लोकांचा भरवसा होता," ते म्हणाले. मग यायचे बंद झाले. मला राग आला होता, त्यांचा नाही, माझा. कुणाला कळणार, असं मी तोंडाने बोलून गेले होते, आणि आता जे सगळं झालं ते बघून मनात कुठेतरी अजूनही वाटायचं की माझंच बरोबर होतं. तसं वाटायचं याचीच मला लाज वाटायची.

वर्षभराने मी वज्रेश्वरीला चालले होते. बसमध्ये पुढच्या बाकावर तरे. मी जाऊन शेजारी बसले. वाळले होते. गोदामात आता लहू नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याने दुसरीकडे काम धरलं. पण रविवारी पाड्यावर पुन्हा खेळायला लागला, भात कापून झालेल्या शेतात, पोरांबरोबर.

"तुम्हाला बोलावतो?"

"न्हाय."

"बोलतो तरी?"

"न्हाय. हाकलत पण न्हाय."

"मग जाता कशाला?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "बघायला," ते म्हणाले.

गणेशपुरीच्या अलीकडे एका थांब्यावर ते उतरले. तिथे बस बराच वेळ उभी राहिली, कुणाच्या तरी टोपल्या वरून खाली काढत होते. थांब्यापासून दोन शेतं सोडून खेळ चालला होता. मला लहू लगेच ओळखू आला. त्याच्या संघाची चढाई होती आणि तो मध्यरेषेवर येऊन उभा राहिला होता. समोरचे सात जण हात धरून तयार. तरे बांधावरून सावकाश चालत येत होते, त्यांना आता भरभर चालवत नव्हतं. लहूने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पोरं ओरडत होती, चल ना, चल ना. तो हलला नाही. तरे पोचले, मध्यरेषेच्या टोकाला ढेकळांवर खाली बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघायला लागले. तेव्हा तो निघाला.

त्याच वेळी कंडक्टरने घंटी मारली आणि बस सुटली. लहू परत आला की नाही, ते मला दिसलं नाही.